शाळेचं देणं: नगर जिल्ह्यातल्या शाळा आणि विद्यापीठं



आजचा विषय ऐकायला साधा आहे. विद्यापीठानं आपल्या परिसरातल्या शाळांसाठी काय करावं, आणि आजवर काय केलं? यावर धोरणाच्या भाषेत पुष्कळ बोललं जातं. मी तो इतिहासाच्या अंगानं मांडणार आहे, आणि तोही एकाच जिल्ह्याचा आधार घेऊन. जिल्हा आपलाच. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं. माझ्या तोंडी मात्र बोलण्याच्या ओघात सवयीनं ‘नगर’च येईल, तेवढं सांभाळून घ्या.

एका गोष्टीकडे आधी लक्ष वेधतो. आपल्या जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते पुण्याचं. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. आणि आपल्याच जिल्ह्यात, राहुरीला, कृषी विद्यापीठ आहे, ते महात्मा फुले यांच्या नावाचं. म्हणजे आपल्या मुलांना पदवी देणाऱ्या दोन विद्यापीठांच्या पाट्यांवर एकाच घरातल्या नवरा-बायकोची नावं आहेत. पण पाटीवर नाव लावणं सोपं असतं हो. त्या दोघांनी आयुष्यभर जो प्रश्न विचारला तो लावून घेणं अवघड. कारण सरकार वरच्या शिक्षणावर जो पैसा घालतं त्याचा हिशेब भर आयोगापुढे मागणारा माणूस म्हणजे हेच जोतीराव. त्याकडे मी पुढे येईनच.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. वरच्या शिक्षणसंस्थेनं जेव्हा शाळेकडे माणूस पाठवला, तयार केलेला शिक्षक पाठवला, तेव्हा शाळेला खरा आधार मिळाला. जेव्हा तिनं फक्त परीक्षेचा पेपर पाठवला, तेव्हा शाळा तिची पायरी होऊन बसली. जिल्ह्याचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास मला तरी हेच सांगतो.

आता सुरुवातीला जाऊ. १८३१ च्या अखेरीला अमेरिकन मराठी मिशननं नगरला आपलं ठाणं घातलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि त्यांनी लपवलंही नाही. पण त्या हेतूपायी का होईना, त्यांना शाळा काढाव्या लागल्या. या कामात सिंथिया फॅरार नावाच्या बाई होत्या. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये १७९५ साली जन्मलेल्या, अविवाहित. १८२७ च्या डिसेंबरात मुंबईला उतरल्या, तिथं मुलींच्या शाळा चालवल्या, मध्यंतरी मायदेशी जाऊन आल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. म्हणजे वीस-बावीस वर्षं या एका गावात त्यांनी मुलींच्या शाळांचं काम केलं.

१८४८ साली जोतीराव फुले नगरला आले होते. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे इथं नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तिथलं शिकवणं शिस्तशीर होतं, मुली खरोखर शिकत होत्या, हे पाहून ते समाधानानं परतले आणि त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये झालं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘नॉर्मल स्कूल’ म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा.

यात काय घडलं ते नीट पाहा. १८४८ मध्ये हिंदुस्थानात आजच्या अर्थानं एकही विद्यापीठ नव्हतं. मुंबई, मद्रास, कलकत्ता ही तिन्ही १८५७ ची. तरी एका शाळेनं दुसऱ्या शाळेला जे द्यायचं ते दिलं. कसं? आपलं दार उघडं ठेवलं, येणाऱ्याला वर्ग पाहू दिला, आणि शिकवता येईल अशी एक बाई तयार करून दिली. अनुदान नव्हतं, करार नव्हता, प्रमाणपत्राचा समारंभ नव्हता. एक माणूस तयार झाला आणि तो शाळेत जाऊन उभा राहिला. महाराष्ट्रातल्या स्त्रीशिक्षणाचा एक धागा असा नगरच्या एका वर्गखोलीतून गेलेला आहे. नगरकरांनी याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यातली पद्धत लक्षात ठेवावी.

१८५७ ला मुंबई विद्यापीठ आलं आणि चित्र बदललं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतंच. ते परीक्षा घेत होतं. शिकवायचं महाविद्यालयांनी आणि शाळांनी, तपासायचं विद्यापीठानं. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. अशी माणसं ज्या परीक्षेतून बाहेर पडली तिला नावं ठेवायची म्हणजे जरा धाडसच. पण परीक्षेचा शाळेवर काय परिणाम झाला हा प्रश्न वेगळा आहे.

मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. म्हणजे महाविद्यालयात यायला कोण लायक आहे हे ठरवण्यासाठी ती होती. पण हायस्कुलात जाणारी सगळी मुलं काही महाविद्यालयात जाणार नव्हती. तरीही हायस्कुलात काय शिकवायचं, किती शिकवायचं, कोणत्या भाषेत शिकवायचं, हे सगळं त्या एका परीक्षेकडे बघून ठरू लागलं. नगरच्या हायस्कुलातल्या मास्तरांना आपल्या मुलांना काय हवं यापेक्षा मुंबईचा परीक्षक काय विचारेल याची चिंता जास्त. आणि ज्या विषयाला वर किंमत नाही त्याला खाली किंमत राहत नाही. मराठीचंच बघा. १८६० च्या दशकात विद्यापीठानं पदवी परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या. ज्याला पुढे पदवीसाठी मराठीची गरजच नाही, तो मुलगा हायस्कुलात मराठी मन लावून का शिकेल? त्या भाषा परत आणण्यासाठी रानड्यांना पुढे कित्येक वर्षं खटपट करावी लागली. विद्यापीठानं शाळेचं वाईट चिंतलं होतं असं मुळीच नाही. शाळेचा त्यानं विचारच केला नव्हता, इतकंच. त्याला हवे होते फक्त विद्यार्थी.

याच्या मागे एक सिद्धान्त होता. तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटे, वरच्या थोड्या लोकांना उत्तम शिकवावं, मग त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खाली झिरपत जाईल. झिरपण्याचा सिद्धान्त. आम्हा नगरकरांना झिरपणं चांगलं कळतं. जिल्ह्याचा दक्षिण भाग अवर्षणाचा. पाणी झिरपावं म्हणून आम्ही बांध घालतो, चर खणतो. नुसतं वर पाऊस पडला म्हणून खालच्या विहिरीला पाणी येत नाही. खाली कातळ असेल तर ते वाहून जातं.

जोतीरावांनी नेमका याच कातळावर बोट ठेवलं. १८८२ साली हंटर आयोग आला. जोतीरावांचं निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चं आहे. त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. मी तत्त्वज्ञान शिकवत असे तेव्हा विद्यार्थ्यांना हे निवेदन आवर्जून वाचायला लावी, कारण त्यात भावनेपेक्षा हिशेब जास्त आहे.

त्यांचं पहिलं म्हणणं असं: सरकारचा महसूल बराचसा रयतेच्या घामातून येतो, पण त्यातून रयतेच्या मुलांच्या वाट्याला फार थोडं शिक्षण येतं. या इलाख्यातल्या दहांपैकी सुमारे नऊ गावांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, असा आकडा ते देतात. आणि मग विचारतात की वरच्या वर्गांना शिकवून ते शिक्षण खाली पोहोचल्याचा पुरावा कुठे आहे? शिकलेल्यांनी आपलं ज्ञान स्वतःपाशीच ठेवलं, असा त्यांचा आरोप आहे.

पण इथं एक गैरसमज दूर करतो. जोतीराव उच्च शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते. सरकारनं उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावं असं त्यांनी म्हटलेलं नाही. उलट तसं करण्यातले धोके त्यांनी सांगितले आहेत. त्यांना हवा होता तोल. प्राथमिक शाळा आधी, सक्तीची, निदान बाराव्या वर्षापर्यंत.

आणि शिक्षक? हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तितके शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील. प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. त्यांना पगार नीट द्यावा, खेड्यात निदान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा-वीस. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल-व्याकरण, आरोग्य, नीती आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं. शेतीचे धडे नुसते पुस्तकातून नकोत, शाळेला लहानसं नमुना शेत जोडलेलं असावं.

विद्यापीठाबद्दलही त्यात एक मुद्दा आहे, फारसा कोणी सांगत नाही. मुंबई विद्यापीठानं शाळेत न जाता घरी अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेला बसू दिलं याचं जोतीराव स्वागत करतात आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.च्या परीक्षांनाही द्यावी असं सुचवतात. म्हणजे दार जरा मोठं करा. मुक्त विद्यापीठाची कल्पनाच म्हणा ना! नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं १९८९ मध्ये. एकशे सात वर्षांनी.

तर १८८२ चं हे मागणीपत्र आपण मोजपट्टी म्हणून हातात ठेवू आणि पुढच्या काळाकडे बघू.

विसाव्या शतकात वेगळा क्रम लावणारा माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. साताऱ्याची संस्था नगरच्या गोष्टीत कशी आली, तर नगर जिल्हा हा पुढे रयतचा फार मोठा प्रदेश झाला. श्रीरामपूर, कोपरगाव इथली महाविद्यालयं, गावोगावची हायस्कुलं, संस्थेच्या उत्तर विभागाचं कार्यालयही नगरलाच. तेव्हा रयतनं संस्था कोणत्या क्रमानं उभ्या केल्या ते पाहू. आधी वसतिगृह, जिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील. मग १९३५ मध्ये साताऱ्याला शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज. त्यातून तयार झालेल्या शिक्षकांच्या बळावर खेडोपाडी प्राथमिक व्हॉलंटरी शाळा, त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. १९४० मध्ये हायस्कूल. आणि सगळ्यांत शेवटी, १९४७ मध्ये, साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज.

मुंबई विद्यापीठानं कळसापासून सुरुवात केली होती. कर्मवीरांनी पायापासून केली, आणि पायाच्या लगेच वर काय ठेवलं, तर शिक्षक घडवणारी संस्था. हायस्कूल निघायच्या पाच वर्षं आधी ट्रेनिंग कॉलेज! महाविद्यालय आलं तेव्हा त्याच्या खाली शाळांचं एक जाळं आधीच होतं, आणि महाविद्यालयात शिकलेला मुलगा त्याच जाळ्यात शिक्षक म्हणून परत जात होता. नगर जिल्ह्यातल्या माझ्या पिढीला हायस्कुलात शिकवणारे कितीतरी मास्तर असेच होते. ‘कमवा आणि शिका’ करून बी.ए. झालेले, आणि मग पोस्टिंग मिळेल त्या गावी ट्रंक घेऊन गेलेले.

त्याच १९४७ च्या जूनमध्ये नगरला अहमदनगर कॉलेज सुरू झालं. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे हे संस्थापक. तोवर नगरच्या मुलाला पदवीसाठी पुणे-मुंबई गाठावी लागे. हेही तसंच बघा. १८३१ मध्ये मिशनची पहिली शाळा-खटपट, मग मुलींच्या शाळा, शिक्षकांसाठी नॉर्मल स्कूल, हायस्कूल, उद्योगशाळा, आणि ११६ वर्षांनी त्या परंपरेतल्या माणसाच्या हातून कॉलेज. इथंही शाळा आधी आणि कॉलेज नंतर. म्हणूनच असेल कदाचित, या कॉलेजनं खेड्यांकडे सुरुवातीपासून बघितलं. ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचं केंद्र आणि समाजकार्याचं शिक्षण त्याच संस्थेत वाढलं. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला आठवड्यातले काही दिवस वस्तीवर, खेड्यात, शाळेत जाऊन काम करावंच लागतं, ते त्याच्या अभ्यासाचा भाग असतं. ही ‘करावंच लागतं’ची गोष्ट लक्षात ठेवा.

आता १९४९. हे साल मला आपल्या विषयात कळीचं वाटतं. त्या वर्षी फेब्रुवारीत पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि नगर त्याच्या क्षेत्रात आलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात एस.एस.सी. बोर्डाची पहिली परीक्षा झाली. म्हणजे शाळेच्या अखेरची परीक्षा विद्यापीठाच्या हातातून निघून बोर्डाकडे गेली. नव्वद वर्षं शाळा आणि विद्यापीठ यांच्यात जो एकमेव दोर होता, परीक्षेचा, तो तुटला. शाळेच्या मानेवरचं जोखड गेलं, हे चांगलंच झालं. पण त्या जागी दुसरं नातं कोणी बांधलं का?

फारसं नाही. विद्यापीठाकडे बी.एड. राहिलं, म्हणजे हायस्कूलच्या शिक्षकांचं प्रशिक्षण. प्राथमिक शिक्षकांचं डी.एड. विद्यापीठाच्या कक्षेबाहेर. प्राथमिक शाळा १९६२ पासून जिल्हा परिषदेच्या. आपल्या जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था, ज्याला सगळे ‘डाएट’ म्हणतात, ती संगमनेरला, तिचं नातं राज्याच्या शिक्षण खात्याशी. परिणाम असा, की जोतीरावांनी ज्या शाळेसाठी सगळ्यांत जास्त आग्रह धरला, ती गावची चौथीपर्यंतची शाळा विद्यापीठाच्या नकाशावर कुठंच उरली नाही. पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय म्हणून आली तर आली.

मग १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना आली. कॉलेजची मुलं खेड्यात जाऊ लागली. इथं मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती फारशी कौतुकाची नाही.

१९८० च्या दशकात मी या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. दिवाळीनंतर दहा दिवसांचं शिबिर असे. एका वर्षी आम्ही दक्षिण भागातल्या एका दोन-शिक्षकी शाळेच्या गावी गेलो. पन्नास मुलं-मुली. मुक्काम शाळेत. श्रमदान केलं, रस्त्याचे खड्डे भरले, शाळेच्या भिंती चुन्यानं रंगवल्या, वर सुविचार लिहिले. समारोपाला सरपंच आले, नारळ-हार झाले, भाषणं झाली. निघताना तिथले गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, पोरांनी काम चांगलं केलं. पण एक बोलू का? तुमच्या मुक्कामाला आम्ही शाळा दिली, तर दहा दिवस माझी पोरं देवळाच्या ओट्यावर बसली. माझ्या चौथीत अकरा पोरं आहेत, सात जणांना भागाकार येत नाही. तुमच्यात कोणी गणिताचे नव्हते का?”

होते हो. बी.एस्सी.ची गणित घेतलेली चांगली दहा-बारा मुलं होती. त्यांच्या हातात मी कुंचले दिले होते!

मी शिबिराचा अहवाल लिहिला. ‘शाळेची रंगरंगोटी’ असं लिहिलं, फोटो जोडला. भागाकाराचं लिहिलं नाही, कारण अहवालात तसा रकाना नव्हता. पुढे त्यातलीच दोन मुलं, जवळच्या गावची होती म्हणून, उन्हाळ्यापर्यंत दर रविवारी त्या शाळेत जात राहिली आणि गणित शिकवत राहिली. सातांपैकी पाच पोरांना भागाकार आला, असं गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. त्या दोघांना याचा एकही गुण मिळाला नाही. शिबिराचं प्रमाणपत्र मात्र पन्नासही जणांना मिळालं. इतकी वर्षं झाली, ते कार्ड मी अजून विसरलेलो नाही.

हे मी योजनेला दोष देण्यासाठी सांगत नाही. चूक माझी होती. मी शाळेला विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय हवं आहे. आम्ही काय देऊ शकतो हे आम्हीच ठरवून गेलो होतो. १८५९ ला मुंबई विद्यापीठानं हेच केलं होतं. फक्त त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका होती आणि माझ्या हातात चुन्याची बादली.

आता राहुरीकडे वळू. १९६८ साली राज्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि पुढे राहुरीचं विद्यापीठ महात्मा फुले कृषी विद्यापीठ म्हणून उभं राहिलं. कृषी विद्यापीठाची रचनाच निराळी. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तार हे त्याचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, म्हणजे ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना काही महिने खेड्यात राहून काम करावं लागतं. स्थानिक वर्तमानपत्रात आपण बातम्या वाचतो ना, अमुक गावात ‘कृषिदूतां’चं स्वागत, तमुक गावात ‘कृषिकन्यां’चं प्रात्यक्षिक, तेच हे. माती परीक्षण, बीजप्रक्रिया हे सगळं ते शेतकऱ्यांना दाखवतात, आणि पुष्कळदा गावच्या शाळेतही जातात, झाडं लावतात, मुलांना माहिती देतात.

जोतीरावांची मोजपट्टी इथं लावा. शाळेला जोडलेलं लहान नमुना शेत, त्यावर प्रत्यक्ष शिकवणं, ही १८८२ ची मागणी. तिच्या सर्वांत जवळ आजच्या घडीला कोणी जाऊ शकत असेल तर हा कृषिदूत. तो बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला असतो, त्याला वखर-नांगराची लाज नसते, आणि तो गावात राहायला आलेला असतो. सगळं जमून आलेलं आहे. उणीव एकच, तो पुन्हा येत नाही. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी दुसऱ्या गावाला जाते. शाळेच्या आवारात लावलेल्या वाफ्याचं काय झालं, हे विचारायला कोणी नसतं. हेच विद्यार्थी जर दरवर्षी त्याच दहा-वीस शाळांत गेले, आधीच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीनं उघडली, तर पाच वर्षांत त्या शाळांत शेतीचा एक खरा अभ्यासक्रम उभा राहील. त्याला फार पैसा लागत नाही. सातत्य लागतं.

सातत्याचं एक उदाहरण पुण्यात आहे. विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आहे, १९८८ ची. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. आंतरराष्ट्रीय दर्जाचं संशोधन करणारी संस्था, पण शाळेतल्या मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. पुढे मुलांसाठी तिथं मुक्तांगण विज्ञान शोधिका निघाली, अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान दाखवणारी खेळणी केली. नारळीकरांकडे एखाद्या मुलानं सही मागितली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठव, उत्तर देतो आणि खाली सही करतो. यातली खुबी बघा. मूल मागतंय सही, आणि शास्त्रज्ञ त्याच्याकडून मागतोय प्रश्न! विद्यापीठानं शाळेकडून काय घ्यावं, तर प्रश्न घ्यावा.

पण हेही पुण्यात. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटर. दुसऱ्या शनिवारी अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळेतलं पोर तिथं कसं जाणार? आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा आहे, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, चौदा तालुके. उत्तरेला उसाचे मळे आणि कारखाने, दक्षिणेला पाथर्डी, जामखेडकडून तोच ऊस तोडायला निघालेली कुटुंबं. ही कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला गाव सोडतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचं अर्धं वर्ष जातं. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. विद्यापीठाच्या सत्राचं वेळापत्रक आणि या मुलाचं वेळापत्रक यांची कुठंच गाठ पडत नाही. आणि आता पट कमी म्हणून वाडीवस्तीवरच्या शाळांवर टांगती तलवार आहे, ती निराळीच.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. जॉन ड्यूई. शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचा प्रमुख असताना, १८९६ मध्ये, त्यानं विद्यापीठाची म्हणून एक प्राथमिक शाळा काढली. तिला ‘प्रयोगशाळा शाळा’ म्हणत. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाला शाळा लागते, असा त्याचा विचार. मुलं तिथं शिजवत, विणत, सुतारकाम करत, आणि त्यातून गणित, विज्ञान, इतिहास शिकत. पुढे कोलंबियात डॉ. आंबेडकर याच ड्यूईचे विद्यार्थी झाले. ड्यूईकडून घेण्यासारखं हे, की शाळा ही विद्यापीठाची याचक नाही. ज्ञान खरं आहे की नाही हे तपासण्याची ती जागा आहे. आठ वर्षांच्या मुलाला समजावता येत नाही असं किती ज्ञान आपल्याला खरोखर समजलेलं असतं? मी तीसेक वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, आणि अजूनही या प्रश्नापाशी अडतो.

तर आता समारोपाकडे येतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात समाजाशी जोडणारं काम, क्षेत्रप्रकल्प, अशा गोष्टींना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे माझ्या अहवालात जो रकाना नव्हता तो आता तयार झाला आहे. चांगली गोष्ट आहे. पण रकाना आला की तो भरण्याचीही घाई येते, हा माझा अनुभव. म्हणून नगरच्या महाविद्यालयांतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, जाण्याआधी विचारा. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना विचारा की यंदा तुमची कोणती अडचण आम्ही उचलू? उत्तर ‘भागाकार’ असं येईल. ते छोटं समजू नका.

दुसरी, परत जा. दहा शाळा निवडा, पण पाच वर्षं त्याच ठेवा. फॅरारबाई नगरला वीस वर्षांहून अधिक काळ होत्या, म्हणून त्यांच्या शाळेत पाहण्यासारखं काही होतं.

तिसरी, दार उघडं ठेवा. गावच्या शिक्षकाला तुमच्या ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, वर्गात येऊ द्या. १८४८ ला पुण्याचा एक एकवीस वर्षांचा तरुण नगरच्या शाळेत शिरला आणि वर्ग बघून गेला. त्याला कोणी ओळखपत्र मागितलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

आपल्या दोन्ही विद्यापीठांनी फुले दांपत्याचं नाव घेतलं आहे. नाव घेतलं की देणंही अंगावर येतं. आपल्याकडे बापाचं नाव लावणारा पोरगा बापाचं कर्ज नाकारत नाही. ते देणं चौथीच्या वर्गात बसलं आहे आणि वाट बघतं आहे.